वादळ कोणी सोडत नाही, समुद्र मात्र आपण तापवला आहे

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर

विषय : 'विमानांनी ढग पळवले' आणि 'चक्रीवादळे घडवली जातात' या आशयाच्या पत्रांबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात दोन पत्रे प्रसिद्ध झाली. सोलापूरच्या आकाशात विमाने फिरवून पाऊस पळवला गेला, असे पहिल्या पत्राचे म्हणणे होते. बंगालच्या उपसागरातील वादळे परदेशातील प्रयोगशाळांतून सोडली जातात आणि म्हणूनच आपला परतीचा पाऊस बिघडला आहे, असे दुसऱ्याचे. दोन्ही पत्रलेखक शेतकरी आहेत आणि दोघांनी सांगितलेले नुकसान खरे आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी स्वतः नान्नजला द्राक्षबाग करतो, आणि गेली बावीस वर्षे बांधावर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून वहीत लिहितो. नुकसानीचे कारण शोधताना मात्र दोघेही चुकीच्या दाराशी जाऊन उभे राहिले आहेत, असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सुरुवात माझ्याच वहीतील एका कोऱ्या रकान्यापासून करतो. 13 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी बंगालच्या उपसागरातून आलेली एक वाऱ्याची प्रणाली आंध्र प्रदेशात काकीनाडा शहराजवळ किनाऱ्याला लागली. हवामान खात्याच्या भाषेत ते 'डीप डिप्रेशन', म्हणजे चक्रीवादळाच्या अलीकडचा टप्पा होते, चक्रीवादळ नव्हते. जमिनीवर आल्यावर अशी प्रणाली एरवी विरते, पण ही तेलंगण ओलांडून, वाटेत हैदराबादला बुडवून, दुसऱ्या दिवशी थेट सोलापूरच्या परिसरात आली. समुद्रापासून पावणेसातशे किलोमीटर आत, चित्रा नक्षत्र लागलेले असताना! त्या रात्री माझ्या पर्जन्यमापकातील बाटली भरली, तिच्या बाहेरचे भांडेही भरले आणि पाणी वरून वाहून गेले. त्यामुळे वहीत त्या तारखेपुढे आकडा नाही, नुसते 'ओसंडले' असे लिहिले आहे. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. आमच्या बागेची छाटणी नुकतीच झाली होती, कोवळी फूट पोंग्यात होती. वाफशाअभावी ट्रॅक्टर बागेत नेता येईना, फवारणी चुकली आणि चार दिवसांत पानांच्या मागे डाऊनीची पांढरी बुरशी दिसू लागली. ती प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरली आणि तिने तिथे पुन्हा बळ धरले.

एवढे पाणी आणि एवढे बळ येते कुठून, हे समजले की 'हे कोणी घडवले का' या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळते. माठातील पाणी गार का होते, हे सोलापूरकराला शिकवावे लागत नाही. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. समुद्रावर हेच अफाट प्रमाणात घडते. ती वाफ वर चढून ढगात पुन्हा पाणी बनते, तेव्हा घेतलेली सगळी उष्णता ती तिथे परत सोडते. तिलाच सुप्त उष्णता म्हणतात. या उष्णतेने भोवतालची हवा हलकी होऊन आणखी वर चढते, खाली दाब कमी होतो, आजूबाजूची बाष्पाने भरलेली हवा तिकडे धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ मध्याकडे न जाता घुमू लागते. आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घुमते. हे चक्र चालू राहण्यासाठी समुद्राच्या वरच्या सुमारे 50 मीटर थराचे तापमान 26.5 अंश सेल्सियसच्या वर लागते, जागा विषुववृत्तापासून निदान पाच अंश दूर लागते, आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाही, नाहीतर चढणाऱ्या हवेचा खांब मध्येच मोडतो. भर पावसाळ्यात अरबी समुद्रात मोठी वादळे सहसा होत नाहीत, ती याच तफावतीमुळे. ती येतात मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमकी आमच्या छाटणीच्या आणि ज्वारीच्या पेरणीच्या आगेमागे.

आता हिशेब पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. तेवढी वाफ ढगात थिजताना जी उष्णता सुटते, ती साधारण 2,800 युनिट विजेइतकी भरते. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर पाचशे तास चालवावी, तेव्हा मीटरवर एवढे युनिट पडतात. हे फक्त एका एकराचे आणि एका मिलिमीटरचे झाले. साध्या, सरासरी चक्रीवादळात पावसाद्वारे सुटणाऱ्या उष्णतेचा दर अमेरिकेच्या हवामान संशोधकांनी काढला आहे. जगातील सगळ्या वीजकेंद्रांच्या तेव्हाच्या एकत्रित क्षमतेच्या सुमारे 200 पट तो येत होता. आपल्या फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची क्षमता 1,320 मेगावॅट आहे, तशी साडेचार लाख केंद्रे रात्रंदिवस पूर्ण भाराने चालवली तर त्या दराशी बरोबरी होईल. इतकी ऊर्जा कुठल्या प्रयोगशाळेने कुठून आणायची आणि समुद्रात कशी सोडायची, एवढा एकच प्रश्न दुसऱ्या पत्रलेखक महोदयांनी स्वतःला विचारून पाहावा, अशी त्यांना विनंती आहे.

वादळाला हात लावण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही, आणि ते लपूनछपून तर मुळीच झाले नाहीत. 13 ऑक्टोबर 1947 रोजी अमेरिकेत एका विमानातून अटलांटिकवरील वादळात सुमारे 80 किलो कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकण्यात आला. ते वादळ नंतर वळले आणि जॉर्जिया राज्यात सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर येऊन आदळले. लोक खवळले, खटल्यांच्या धमक्या दिल्या गेल्या. पुढे नोंदी तपासल्यावर दिसले की वादळाचे वळणे बर्फ टाकण्याआधीच सुरू झाले होते, आणि 1906 मधील एक वादळ जवळपास त्याच वाटेने गेले होते, तेव्हा तर आकाशात विमानेच नव्हती. त्यानंतर 1962 ते 1983 अशी एकवीस वर्षे 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा सरकारी प्रकल्प चालला. वादळाच्या डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीबाहेर सिल्व्हर आयोडाइड, म्हणजे ढगातील पाण्याचे बर्फकण करणारा क्षार, पेरले, तर तिथे दुसरी भिंत तयार होईल आणि आतली भिंत ढासळून वारे मंदावतील, अशी त्यामागची कल्पना होती. ऑगस्ट 1969 मध्ये 'डेबी' वादळात दोन वेगवेगळ्या दिवशी फवारणी केली, तेव्हा वाऱ्याचा वेग एकदा 31 टक्क्यांनी आणि एकदा 18 टक्क्यांनी घटला. शास्त्रज्ञ हरखून गेले. पण पुढे लक्षात आले की मोठ्या वादळात बाहेर दुसरी भिंत उभी राहणे आणि आतली विरणे हे आपोआपच होत असते. न पेरलेल्या वादळांतही ते दिसले. शिवाय सिल्व्हर आयोडाइडला काम करायला शून्याखालीही न गोठलेले पाणी लागते, आणि ते या वादळांत फारच थोडे असते. प्रकल्प गुंडाळण्यात आला. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला एकवीस वर्षांत एक वादळ निश्चितपणे मवाळ करता आले नाही, ही या विषयातली माझ्या मते सर्वांत बोलकी नोंद आहे.

मग हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार कशाला केला, असा प्रश्न नेहमी पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. व्हिएतनाम युद्धात, 1967 ते 1972 या काळात, अमेरिकेने शत्रूच्या वाटा चिखलात रुतवण्यासाठी पावसाळी ढगांत खरोखर बीजारोपण केले होते, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून त्यांत रासायनिक कण पेरले होते. त्यावर गदारोळ झाल्यावर 1977 मध्ये हा करार सह्यांसाठी खुला झाला. भारतही त्यात आहे. पण तयार ढगाला ढोसून त्यातून थोडा जास्त पाऊस काढू पाहणे वेगळे आणि समुद्रावर वादळ उभे करून हव्या त्या गावावर नेणे वेगळे. आधीच दुभत्या असलेल्या गाईचे दूध वाढवण्याची पेंड मिळते, म्हणून मातीची गाय करून तिची धार काढता येत नाही.

हे मी पुस्तकातून काढून सांगतो आहे असे वाटू नये, कारण या बीजारोपणाचा देशातील एक काटेकोर प्रयोग आपल्याच डोक्यावर झाला आहे. पहिल्या पत्रातील विमाने तीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात विमाने आणि रडार आणून ढगांचा अभ्यास केला. सह्याद्री ओलांडून येणारे ढग आपल्यापर्यंत पोहोचतात, तेव्हा त्यांच्यात पाणी असूनही ते बरसतातच असे नाही, म्हणून हे पर्जन्यछायेचे ठिकाण निवडले गेले. ढगाच्या पायथ्याशी विमान नेऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या, त्या क्षाराच्या कणांवर बाष्प जमून थेंब मोठे होतात की नाही ते पाहायचे, आणि तुलनेसाठी काही ढग मुद्दाम तसेच सोडायचे, अशी पद्धत होती. एकूण 276 ढगांवर हा प्रयोग झाला. निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाले : वाऱ्याच्या पुढच्या दिशेला सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस, आणि काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत.

हा निकाल कमी लेखण्यासारखा नाही. पण त्याचे माप लक्षात घ्यावे. आपला जिल्हा सुमारे 14,900 चौरस किलोमीटरचा. त्यातील 100 म्हणजे जेमतेम दीडशेतील एक वाटा. मध्यम आकाराच्या चक्रीवादळाचा घेर मात्र असे तेरा सोलापूर जिल्हे पोटात घेईल एवढा असतो. शिवाय ती विमाने पाऊस वाढवायला आली होती, पळवायला नव्हे. आमच्या गावी पारावर तेव्हा मीच ऐकले आहे की 'इमान गेलं आन् ढग फाटला.' मीही मान वर करून पाहत असे. पण खात्री करण्यासाठी वही काढली, तर विमान न दिसलेल्या दिवशीही ढग तितकेच फाटले होते. विमान दिसलेला दिवस माणसाच्या ध्यानात राहतो, न दिसलेले वीस दिवस राहत नाहीत.

तर मग माणसाचा हवामानावर परिणाम होत नाही का? होतो, आणि दोन्ही पत्रलेखकांना वाटतो त्याहून मोठा होतो. तो कोणी नेम धरून करत नाही, एवढेच. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत साठलेल्या वायूंनी जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्राने पोटात घेतली आहे. फताटेवाडीच्या केंद्राचे नाव मी वर फक्त मोजमापासाठी घेतले; पण त्याच्या धुराड्यातून जे जाते आणि माझ्या ट्रॅक्टरच्या नळीतून जे जाते, तेही याच खात्यावर जमा होते. हवा एक अंशाने तापली की तिच्यात मावू शकणारे बाष्प सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे तेच वादळ, त्याच वाटेने आले, तरी आजोबांच्या काळापेक्षा आज जास्त पाणी ओतून जाते.

अरबी समुद्राची गोष्ट तर महाराष्ट्राने स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी अशी आहे. पूर्वी अरबी समुद्रात एक वादळ तर बंगालच्या उपसागरात चार, असे प्रमाण सांगत. पुण्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 या दोन कालखंडांची तुलना 2021 मध्ये प्रसिद्ध केली. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली, अतितीव्र वादळे 150 टक्क्यांनी वाढली, आणि वादळांचा एकूण कालावधी 80 टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या 8 टक्क्यांनी घटली. 2019 या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. वर्षभरात, मे 2021 मध्ये, 'तौक्ते' गेले. सोलापूरहून कोकण दूर वाटते, पण आमची द्राक्षे आणि सांगोल्याची डाळिंबे ज्या बंदरातून परदेशी जातात ते त्याच किनाऱ्यावर आहे.

इथे दुसऱ्या पत्रातील एका विधानाची दुरुस्ती करणे भाग आहे. 'जगभर वादळांची संख्या वाढतच चालली आहे' असे त्यात म्हटले होते. संपूर्ण जगाचा विचार केला तर संख्या वाढेल असे बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ती तशीच राहील किंवा थोडी कमीही होईल. वाढेल तो त्यांतील तीव्र वादळांचा वाटा आणि त्यांचा पाऊस. पृथ्वी दोन अंशांनी तापली तर वादळांतील वाऱ्यांचा वेग सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास आणि त्यांच्या पावसाचा जोर 14 टक्क्यांच्या आसपास वाढेल, असा अंदाज आहे. 14 टक्के हा आकडा कोणाला किरकोळ वाटेल. नाला काठोकाठ भरला असताना वरून येणारे 14 टक्के पाणी बांध फोडते, हे ज्याच्या शेतातून नाला गेला आहे त्याला विचारावे. अमुक एक वादळ तापमानवाढीमुळेच आले, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यात तिचा वाटा किती, हे मात्र आता काढता येते. 2017 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात 'हार्वे' वादळाने एके ठिकाणी दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडला, म्हणजे आमचा दोन वर्षांचा पाऊस चार-पाच दिवसांत. त्या पावसातील सुमारे 15 टक्के वाढ तापमानवाढीची, असा निष्कर्ष निघाला. उरलेला पाऊस निसर्गाचा होता. वाद घालताना दोन्ही आकडे सांगितले पाहिजेत, सोयीचा तेवढाच नव्हे.

धुराचाही यात हात आहे, पण तो उलटसुलट आहे. हवेतील काजळी आणि धूलिकण कुठे सूर्य अडवून समुद्र गार ठेवतात, तर कुठे वाऱ्यांची घडी बदलतात. अरबी समुद्रातील मोसमापूर्वीची वादळे धुरामुळेच बळावली, अशी मांडणी 2011 मध्ये झाली होती आणि तिच्यावर आक्षेपही घेतले गेले. तो वाद तज्ज्ञांवर सोडलेला बरा.

आता 2025 च्या सप्टेंबरकडे येतो, कारण दुसऱ्या पत्राचा राग मुळात तिथला दिसतो. सीनेला महापूर आला, माढा, मोहोळ, करमाळ्याची गावे पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली. त्यामागे चक्रीवादळ नव्हते. बंगालच्या उपसागराकडून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांनी अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवकडे धो धो पाऊस पाडला आणि ते पाणी सीनेतून आपल्याकडे आले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्या दिवसांत जनावरे सोडली ती पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागल्यावर, कारण त्यांच्या डोक्यावर त्या दिवशी फारसा पाऊसच नव्हता. आणि वरून किती पाणी सोडले जाते आहे हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही. ज्यांनी सांगायला हवे होते त्यांना त्यानंतर कोणी जाब विचारला नाही. गावात चर्चा चालू राहिली ती विमानांची. ढग पळवणाऱ्या किंवा वादळ सोडणाऱ्या अदृश्य माणसाला शिव्या देणे सोपे, कारण तो कधी समोर येऊन उत्तर देत नाही आणि आपल्यालाही अर्ज लिहावा लागत नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, त्यांतील पहिली आपल्यासाठी आहे. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाल्याशिवाय प्रणालीला चक्रीवादळ म्हणत नाहीत, आणि तोवर तिला नावही मिळत नाही. असे असताना प्रत्येक कमी दाबाच्या क्षेत्राला मथळ्यात 'चक्रीवादळ' छापले जाते. चार वेळा तसे छापून काही झाले नाही की पाचव्या वेळी लोक वाचत नाहीत. आणि 2020 चा अनुभव असा की नाव नसलेली प्रणालीही माणसे घेऊन जाते. तेव्हा हवामान खात्याने दिलेला टप्पा जसाच्या तसा छापावा, आणि खाली वाऱ्याचा व पावसाचा अंदाज वेगवेगळा द्यावा, कारण सोलापूरला या प्रणालींचा धोका वाऱ्यापेक्षा पाण्याचा आहे. दुसरी सूचना : ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेर उजनीच्या आकड्यांशेजारी सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग आणि वरच्या तालुक्यांतील आदल्या दिवसाचा पाऊस रोज एका चौकटीत छापला जावा. पान एकचे नको, आतले चालेल, पण जागा ठरलेली असावी, म्हणजे नदीकाठचा माणूस सकाळी थेट तेच पान उघडेल. महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापकांचे आकडे सरकारकडे असतातच. ते मिळवणे वार्ताहराला अवघड नाही. मंडळाच्या एका टोकाच्या यंत्रावर दुसऱ्या टोकाच्या बागेचा विमा ठरतो, याची झळ मी सोसली आहे, म्हणून आकडे उघड छापले गेले तर आमच्याही कामाला येतील.

दोन्ही पत्रलेखकांना माझ्याकडून निमंत्रण आहे. त्यांनी नान्नजला यावे, बावीस वर्षांच्या वह्या पाहाव्यात आणि त्यांतून माझे म्हणणे खोडून काढणारे काही सापडले, तर ते आपल्याच सदरात जरूर लिहावे. शक्य असल्यास त्यांनी आपल्या बांधावरही एक पर्जन्यमापक बसवावा. फार खर्च नाही. बाटली मात्र मोठी घ्यावी.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
नान्नज, ता. उत्तर सोलापूर